पुडी बसेपर्यंत

ग्वाल्हेरच्या डिसेंबरात सकाळी दहा-अकरापर्यंत सूर्याचं दर्शन होत नाही. आम्ही इथले मराठी लोक धुक्याला धुकं म्हणत नाही, कोहराच म्हणतो. त्या दिवशी कोहरा इतका दाट होता की हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी उतरलो तेव्हा शेजारचा सूफी संत मोहम्मद गौस यांचा एवढा मोठा मकबरा दिसेना, नुसती सनई ऐकू येत होती. तानसेन समारोहाचा पहिला दिवस. सकाळी सनई, मग ढोलीबुवा महाराजांच्या परंपरेतली हरिकथा, मग मीलाद आणि चादर. 1924 पासून हा समारोह होतो आहे, आणि त्यातली निदान पन्नास वर्षं तरी आमचे आजोबा पहिल्या सकाळी तिथे हजर असत. गाणं संध्याकाळी असतं, पण आजोबा म्हणायचे, हरिकथा ऐकल्याशिवाय संध्याकाळी बसायचा हक्क नाही.

मी तेव्हा अकरावीत होते. सोळा वर्षांची. तबला शिकायला लागून सात वर्षं झाली होती, आणि त्या संध्याकाळी ज्यांना ऐकायला मी वर्षभर थांबले होते ते गायक नव्हते, गायकाच्या उजव्या हाताला बसणारे तबल्याचे साथीदार होते.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांनी घातलेली अट आहे, पुढे येईलच.

सोळाव्या वर्षी तबला शिकणाऱ्या मुलामुलींचे देव बहुतेक वेगाचे असतात. कायदा, रेला, चौपट, आणि शेवटी टाळ्या. माझंही तसंच होतं, पण आजोबांनी बिघडवलं, किंवा घडवलं. आजोबांनी ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडितांना समोर बसून ऐकलं होतं, एकदा नाही, कितीतरी वेळा. घरात कॅसेटींचं एक लाकडी खोकं होतं. त्यातल्या एका कॅसेटवर तिलवाडा तालातला बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं, होता. आजोबा म्हणाले, "गाणं मी ऐकतो. तू फक्त तबला ऐक." मी ऐकलं. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही, कारण तबलेवाले काहीच करत नव्हते. नुसता ठेका. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ऐकलं. पाचव्या-सहाव्या वेळी लक्षात आलं की गायक कुठूनही कसाही येवो, आडवा येवो, घाईत येवो, श्वास संपता संपता येवो, त्याला उतरायला जागा तयार असते. जणू कोणी आधीच सतरंजी झटकून अंथरून ठेवली आहे. ठेका जराही हलत नव्हता आणि तरी तो गायकाबरोबर श्वास घेत होता. त्या दिवसापासून मी ह्या माणसाची झाले.

त्यांचा चेहरा मात्र मला नीट माहीत नव्हता. कॅसेटच्या वेष्टनावर फोटो गायकाचा. ह्यांचं नाव मागच्या बाजूला, 'तबला' शब्दापुढे, बारीक अक्षरात. वर्तमानपत्रात मैफलीचा फोटो आला तर त्यात एक खांदा आणि डग्ग्यावरचा हात. ते एवढेच दिसायचे. मला ह्या गोष्टीचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो. शेजारी बसून ज्याने दीड तास गाणं पेललं त्याला फोटोतून कापून टाकतात.

माझ्या भौतिकशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर मी त्यांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवले होते. वर्षभरात तेवीस झाले होते. भेट होईल असं मनातही नव्हतं. लिहायला बरं वाटायचं, म्हणून लिहिलेले.

हरिकथा संपल्यावर आजोबा घरी गेले आणि मी माझा तबला घेऊन चाचांच्या दुकानात. दुकान लष्कर भागात, महाराज बाड्यापासून चालत दहा मिनिटांवर, एका अशा गल्लीत की समोरून स्कूटर आली तर आपण पायरीवर चढायचं. चाचा म्हणजे आमच्या अख्ख्या क्लासचे तबले बांधणारे, दुरुस्त करणारे. त्यांचे वडीलही हेच करत. आत जेमतेम तिघं बसतील एवढी जागा, भिंतीला लटकलेल्या पुड्या, म्हणजे तबल्याच्या तोंडावर चढवायची कातडी, कोपऱ्यात वाद्यांची भेंडोळी, आणि खाली कोळशाची अंगीठी. चामड्याचा वास आणि कोळशाचा वास एकमेकांत मिसळून एक तिसराच वास होतो. तो मला आजही कुठे आला की मी थांबते.

माझ्या तबल्याची वादी, म्हणजे पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी, सैल पडली होती आणि तिच्याखालचे लाकडी गठ्ठे घसरायला लागले होते. चाचांनी तो बाजूला ठेवला, म्हणाले, "बैठो बिटिया, पहले आग ताप लो." साडेबारा वाजले असतील.

तेवढ्यात दोन माणसं आली. एक पंचविशीतला मुलगा, हातात तबल्याची पेटी. दुसरे साठीच्या पुढचे, मफलर, मंकी कॅप, अंगात जाड स्वेटर, डोळे प्रवासाने तांबारलेले. मुलगा चाचांना हिंदीत सांगायला लागला. दिल्लीहून येत होतो, कोहऱ्यामुळे गाडी सहा तास लेट, आग्र्याच्या अलीकडे नुसतीच उभी. रात्रभर पेटी दाराजवळ राहिली. सकाळी उघडून पाहिलं तर काळी एकच्या, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातल्या, तबल्याची पुडी गजऱ्याजवळ, कडेच्या वेणीपाशी, फाटलेली. आठ वाजता बसायचं आहे.

मी ऐकत होते, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. गावात समारोह, चाचांकडे चार दिवस अशी गर्दी असायचीच.

ते वयस्क गृहस्थ बाकावर बसले. त्यांच्या हाताशी माझा तबला होता, सैल, घसरलेला. त्यांनी त्याच्या किनारीवर तर्जनीने एक 'ना' वाजवला. फक्त एक. मग कान जरा वाकडा करून दुसरा.

मला कसं सांगावं कळत नाही. तबला माझाच होता, मी रोज त्याच्यावर तीन तास बसत होते, आणि त्याच्यात तो आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. सैल वादीचा, उतरलेला, तरी गोल. तो 'ना' मी कॅसेटवर शेकडो वेळा ऐकला होता. मी उठून उभी राहिले आणि त्यांचं नाव घेतलं. पुढे 'जी' लावायचंही सुचलं नाही.

"हो," ते म्हणाले, मराठीत. "तू मराठी?"

मी त्यांच्या पाया पडले. जागा इतकी कमी होती की वाकताना माझं डोकं पेटीला लागलं. त्यांनी हात धरून मला बाकावर बसवलं आणि विचारलं, "हा तबला तुझा? डाव्या बाजूची तीन घरं उतरलीयेत. किती दिवस असाच वाजवतेस?"

मी म्हटलं, "पंधरा दिवस." मग एका दमात सगळं सांगून टाकलं. कॅसेट, आजोबा, तिलवाडा, आमच्या मराठी मंडळाचा हस्तलिखित अंक संक्रांतीला निघतो, मी त्यात लिहिते, माझ्याकडे प्रश्न आहेत, वही दप्तरातच आहे.

त्यांच्या शिष्याने मध्येच सांगितलं की गुरुजी रात्रभर झोपलेले नाहीत. ते म्हणाले, "असू दे. पुडी बसेपर्यंत मी इथून हलणार नाही. नवी पुडी चढताना मी समोर असतो. तोवर विचार काय ते." आणि मग तीन अटी. पहिली, नाव छापायचं नाही, 'एक साथीदार' एवढंच लिहायचं. दुसरी, चाचांचं काम थांबवायचं नाही. तिसरी, रियाज किती तास करता हे विचारायचं नाही.

माझ्या यादीतला पहिला प्रश्न तोच होता.

मी फोन काढला, रेकॉर्डिंग लावलं आणि तो पालथ्या वाटीवर ठेवला. एक तास बावन्न मिनिटांचं ते रेकॉर्डिंग आजही माझ्याकडे आहे, तीन फोन बदलून झाले तरी.

पहिली वीस मिनिटं वाया गेली. मी वहीतून वाचत होते. तबल्याकडे कसे वळलात? गुरूंकडून काय मिळालं? आजच्या पिढीला काय सांगाल? ते सभ्यपणे उत्तरं देत होते, आणि ती उत्तरं मी कुठल्याही दिवाळी अंकात वाचली असती. त्यांची नजर माझ्याकडे नव्हतीच. ती चाचांच्या हातांवर होती. चाचांनी जुनी वादी सोडवून फाटलेली पुडी काढली होती, उघड्या लाकडी खोडाच्या काठावरून अंगठा फिरवला होता, आणि आता भिंतीवरच्या पुड्यांमधून एकेक उतरवून ती दाराकडे उजेडात धरत होते. पाच पाहिल्या. चार परत टांगल्या.

माझाही डोळा तिकडेच गेला आणि तोंडून निघालं, "काका, त्या चारांत काय वाईट होतं?"

ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. वही मी तिथेच मिटली.

"ये इकडे," म्हणाले. चाचांच्या हातातली पुडी त्यांनी मागून घेतली आणि माझ्या बोटाखाली धरली. "ही लव, किनार आणि शाईच्या मधली जागा. इथे कातडं सगळीकडे सारखं लागतंय का बघ. जाड-पातळ लागलं तर एका बाजूचा सूर एक, दुसऱ्या बाजूचा दुसरा, मग हातोडी घेऊन रात्रभर भांडत बस. आता शाई, हा मधला काळा गोल. बोट नको, नख अलगद फिरव. काय लागतं?"

बारीक बारीक भेगा लागत होत्या. डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा.

शाई म्हणजे लोखंडाचा कीस आणि भाताची खळ. एका वेळी पातळसा थर द्यायचा, दगडाने घोटायचा, वाळला की पुढचा. घोटता घोटता तिला ह्या भेगा पडतात. भेगा पडल्या नाहीत तर शाई कातड्यावर ओझं होऊन बसते, पडल्या की तिचे हजार तुकडे होऊन ती कातड्याबरोबर हलते. हे मी सात वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं भेग म्हणजे तबला खराब झाला.

मग मला आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी वर्गात सांगितलेलं आठवलं, आणि मी घाबरत घाबरत ते सांगितलं. साध्या ताणलेल्या कातड्यातून मूळ स्वराबरोबर जे वरचे स्वर निघतात ते एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोलाचा नुसता आवाज होतो, सूर लागत नाही. तबल्याला सूर लागतो तो मधल्या शाईच्या वजनामुळे. ते वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सरळ हिशोबात येतात. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली ह्यावर लिहिलं, आणि 1934 च्या लेखात असे पाच स्वर मांडून दाखवले.

काकांनी ते चाचांना हिंदीत समजावून सांगितलं. चाचांनी हातातलं काम थांबवलं नाही, पण मान वर केली. "पाँच?" त्यांनी विचारलं. मग पुडीचा कडेचा भाग पाण्याने ओला करत म्हणाले, "हमारे अब्बा कहते थे, अच्छी स्याही में पूरा घराना बोलता है."

रेकॉर्डिंगवर ह्यानंतर बराच वेळ कोणी बोलत नाही. खोडावर पुडी बसवून, गजऱ्याच्या घराघरातून वादी ओवून, खालच्या कडीतून काढून चाचा ती खेचत होते. पहिला फेरा सैल, दुसरा जरा ताणून, तिसऱ्याला पाय तबल्याला लावून. प्रत्येक फेऱ्याला तोंडातून 'हूं' असा आवाज. शेजारच्या टपरीवरून चहा आला. मी दप्तरातून मुरैन्याची गजक काढली, आजोबांनी सकाळी दिलेली. चौघांनी ती खाल्ली. काकांनी गजक मोडली तीसुद्धा बोटांच्या शेवटच्या पेरांनी, बाकीचा तळहात अगदी ढिला. त्या हाताकडे मी पाहत राहिले.

गठ्ठे बसले, आठही. चाचांनी तबला काकांसमोर ठेवला आणि हातोडी त्यांच्या हाती दिली. इथून पुढचा तासभर माझ्या मुलाखतीचा खरा भाग आहे, आणि त्यात शब्द कमी आणि हातोडी जास्त आहे.

"गजऱ्याला घरं किती?" त्यांनी विचारलं.

"सोळा."

"तिलवाड्याच्या मात्रा?"

"सोळा."

"मोज."

त्यांनी एका घरावर 'ना' वाजवला. "ही तुझी सम, पहिली मात्रा. आता मला सांग, हे घर लावल्यावर मी पुढचं कुठलं लावणार?"

मी म्हटलं, शेजारचं. त्यांनी मान हलवली आणि तबला अर्धा फिरवून बरोबर समोरच्या घरावर हातोडी ठेवली. "हे नववं. समोरासमोर लावायचं. शेजारचं शेजारचं लावत गेलीस तर एका बाजूने पुडी ओढली जाते आणि दुसरीकडची तुझ्या हातून सुटते. नवव्या मात्रेला तिलवाड्यात काय असतं?"

"खाली." म्हणजे डग्गा गप्प होतो ती मात्रा.

"हं. समेला ताणलंस की खालीला ताणायलाच हवं. मग पाचवं, मग तेरावं." प्रत्येक घराला एक ठोका, एक 'ना', कान वाकडा, पुन्हा एक अगदी हलका ठोका. "लोकांना वाटतं साथीदार सम धरून बसतो. मी खाली धरून बसतो. समेवर तर सगळेच येतात, श्रोतेसुद्धा मान हलवतात. नवव्या मात्रेवर गायक एकटा असतो. तिथे 'ता' जरा जरी ढिला पडला तर त्याला पुढची वाट अंधारी वाटते. मी तिथे दिवा लावून उभा राहतो."

मी विचारलं, मग 'तिरकिट' ह्या बोलाचं काय? कारण तिलवाड्यात मला सगळ्यात जास्त त्रास तिरकिटचाच होत होता. दुसऱ्या मात्रेला एक, दहाव्या मात्रेला एक. विलंबित लयीत मात्रा एवढी लांब असते की तिरकिट घाईत उरकलं तर पुढे रिकामी पोकळी राहते, आणि लांबवलं तर त्याचा दम जातो.

त्यांनी हातोडी खाली ठेवली. स्वतःच्या मांडीवर ठेका धरला आणि तोंडाने म्हणायला लागले. धा, तिरकिट, धिं, धिं. धा, धा, तिं, तिं. ता, तिरकिट, धिं, धिं. धा, धा, धिं, धिं. तोंडाने म्हणताना त्यांचं तिरकिट मात्रेच्या सुरुवातीला नव्हतं आणि मध्येही नव्हतं. ते पुढच्या धिंकडे कललेलं होतं, जसा पाणी भरलेला तांब्या नेणारा माणूस किंचित पुढे कलतो. आणि 'धा'नंतर डग्ग्याची आस, म्हणजे मागे घुमत राहणारा नाद, संपेपर्यंत ते गप्प बसत होते. "तुझ्या हातात पोकळी राहते कारण डावा हात लवकर उचलतेस. 'धा' वाजवून झाला असं तुला वाटतं. तो संपलेला नसतो. त्याची आस आहे तोवर तोही तुझाच. तो ऐक, मग तिरकिटला घाई होणार नाही."

मग म्हणाले की ग्वाल्हेरची गायकी त्यांना ह्यासाठीच प्रिय. इथला बडा ख्याल फार संथ नाही, ठेका ठेक्यासारखा कानाला कळतो, गायक आणि तबलजी एकाच रस्त्याने चालतात. अतिविलंबित नंतर आलं, त्याची गंमत वेगळी. पण इथे तिलवाडा तिलवाड्यासारखा वाजवता येतो. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रातून ह्या गावात आले, गायक वासुदेवबुवा जोशींपाशी शिकत राहिले, आणि हे गाणं घेऊन परत गेले. त्यांच्याकडून विष्णु दिगंबर पलुस्करांकडे गेलं, पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. "आम्ही महाराष्ट्रातले लोक जे गातो-वाजवतो ते तुमच्या ह्या गल्ल्यांतून गेलेलं आहे," ते म्हणाले. "आणि तू इथे बसून माझी कॅसेट ऐकतेस."

मी तोवर ग्वाल्हेरला आमचं गाव म्हणूनच पाहत आले होते. किल्ला, बाडा, बेडई-जिलेबी, आजोबांची पेन्शन आणायला जायचं ते ऑफिस. बाहेरून येणारा कोणी ह्या गल्लीला नमस्कार करतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. शाळेत आम्हाला ह्यातलं काही शिकवलं नव्हतं.

मध्येच त्यांनी मला माझा तबला घ्यायला लावला. चाचांनी तोवर त्याचे गठ्ठे ठोकून दिले होते. डग्गा दुकानातलाच कोणाचा तरी. बसायला जागा नव्हती म्हणून शिष्य उठून बाहेर पायरीवर गेला. मी तिलवाडा वाजवला, चार आवर्तनं. हात थंडीने आणि भीतीने दगड झाले होते. ते ऐकत नवीन तबल्याची घरं लावत राहिले, एकदाही पाहिलं नाही. चौथ्या आवर्तनात नवव्या मात्रेला मी 'ता' वाजवला आणि पुढच्या तिरकिटपर्यंत थांबले, खरंच थांबले. आस नव्हती, कारण 'ता'ला डग्गा नसतो. तिथे फक्त शांतता होती, गल्लीतल्या स्कूटरचा आवाज होता. तेव्हा त्यांच्या हातोडीचा एक ठोका माझ्या दहाव्या मात्रेवर बरोबर पडला.

"आता बरोबर," म्हणाले. एवढंच. ते मी रेकॉर्डिंगवर किती वेळा ऐकलं ते सांगवत नाही.

एक प्रश्न माझा राहिला होता, वहीतला, आणि तो विचारायची मला लाज वाटत होती. तरी विचारला. फोटोतून तुम्हाला कापतात ह्याचं वाईट वाटतं का? ते लगेच बोलले नाहीत. अंगीठीवर हात शेकले. मग म्हणाले, तरुणपणी वाटायचं, खूप वाटायचं. एका गावात निमंत्रणपत्रिकेवर सगळ्यांची नावं होती, मंडपवाल्याचंसुद्धा, आणि तबल्याच्या जागी नुसतं 'साथसंगत' असं छापलेलं. त्या रात्री ते चिडून वाजवायला बसले आणि गायकाच्या प्रत्येक जागेवर आपली जागा घेत गेले. लोकांनी भरपूर टाळ्या दिल्या. गायक बुवा ग्रीनरूममध्ये काहीच बोलले नाहीत, फक्त जाताना म्हणाले, आज मला एकट्याला गावं लागलं. "ते वाक्य अजून जात नाही," काका म्हणाले. "नाव छापायला हवं, मुली. प्रत्येकाचं छापायला हवं. तू भांड त्यासाठी. पण तबल्यावर बसून नको भांडू."

मी विचारलं, मग माझ्या लेखात तुमचं नाव का नको? ते हसले आणि चाचांकडे बघत म्हणाले, ते मी नंतर सांगेन.

पावणेचार वाजता तबला लागला. उन्हाची एक तिरीप गल्लीत आली होती. हार्मोनियमच्या पट्टीवर नव्हे, शिष्याच्या गळ्यातल्या काळी एकच्या सुरावर त्यांनी तो मिळवला. पैसे दिले, चाचांनी मोजले नाहीत. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लिहून झालं की पाठव. छापण्याआधी." पत्ता शिष्याने माझ्या वहीत लिहिला, तेवीस प्रश्नांच्या खाली.

संध्याकाळी आजोबा आणि मी मंडपात डावीकडे बसलो, तिथून साथीदाराचे दोन्ही हात दिसतात. कोहरा परत उतरला होता, मंचावरच्या दिव्यांभोवती कापसासारखा. ओल लागली की कातडं उतरतं. पहिल्या ख्यालात मी तीनदा पाहिलं, त्यांनी हातोडी उचलली, दोन मात्रांच्या मध्ये एका घरावर टेकवली, खाली ठेवली, ठेका कुठेही मोडला नाही. तीनही वेळा समोरासमोरची घरं. राग केदार होता. नवव्या मात्रेवर मी प्रत्येक वेळी श्वास धरून बसले होते. आजोबांनी माझा हात घट्ट पकडला होता आणि त्यांना दुपारची गोष्ट मी अजून सांगितलेलीही नव्हती. घरी जाताना रिक्षात सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मला का नाही बोलावलंस?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुकानातून घर पाच मिनिटांवर होतं. मला सुचलंच नाही. ती चूक मला आजही लागते, कारण पुढच्या समारोहाला आजोबा नव्हते.

मुलाखत उतरवायला मला अकरा दिवस लागले. हातोडीखाली अर्धे शब्द बुडाले होते. एकेक वाक्य दहादा ऐकायचं, हेडफोन कानात दाबून. पण त्यातच एक गोष्ट सापडली. मी पेटी घेऊन बसले आणि रेकॉर्डिंगमधला तबला वाजेल तसा सूर शोधत गेले. चाळिसाव्या मिनिटाला तो पांढरी सातच्या आसपास आहे, थोडा बेसूर. तासाभराने पांढरी एक. आणि शेवटी काळी एक, स्वच्छ. मुलाखतभर मागे तबला चढतो आहे. ते मी लेखात समासात लिहिलं, प्रत्येक उत्तरापुढे त्या क्षणी तबला कुठल्या सुरावर होता ते.

लेख पोस्टाने पाठवला. वीस दिवसांनी परत आला, लाल शाईने भरून. माझी विशेषणं बहुतेक सगळी खोडलेली. 'थोर' तीन ठिकाणी खोडला होता. समासातल्या सुरांना हात लावला नव्हता. आणि शीर्षकाच्या वर, जिथे मुलाखत देणाऱ्याचं नाव येतं तिथे, त्यांनी मोकळी जागा दाखवून लिहिलं होतं: 'इथे पुडी बांधणाऱ्याचं नाव घाल. मोठ्या अक्षरात. विचारून घाल.'

आमच्या हस्तलिखितात तसंच आलं. मंडळात दोघा-तिघांनी हरकत घेतली, की मुलाखत तबलावादकाची आणि नाव दुकानदाराचं हे कसं. मी भांडले, पत्र दाखवलं. नाव राहिलं.

संक्रांतीनंतर अंक घेऊन चाचांकडे गेले. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. नाव हिंदीसारखंच दिसतं, ते त्यांनी ओळखलं, त्यावरून बोट फिरवलं, आणि अंक फडताळात वर ठेवला. मी म्हटलं, मी हिंदीत वाचून दाखवते. म्हणाले, वाचू नको, ते मशीनमध्ये भरलेलं आहे ना, ते लाव.

मी फोन वाटीवर ठेवला, पालथ्या. आमचं बोलणं त्यांनी ऐकलंच नाही, ते त्याच्या मागचं ऐकत होते. स्वतःची 'हूं', वादीचा कर्रर्र आवाज, मग हातोडी. एकदा म्हणाले, "ये कच्ची है अभी." मी पुढे सरकवायला बोट नेलं तर त्यांनी थांबवलं. अंगीठीत कोळसा सारला. तास उलटून गेला. एका ठोक्यानंतर आलेल्या 'ना'वर त्यांनी हात वर केला, जसा आजोबा समेवर करायचे.

"यहाँ," चाचा म्हणाले. "यहाँ बैठी."